आवाज टाकण्याआधी

संगणक या वेळी न अडखळता सुरू झाला आणि पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट आली. सिस्टिम पूर्ववत झाली आहे, तुमचे दस्तऐवज सुरक्षित आहेत, असं तिच्यात लिहिलं होतं. त्याने ती वाचली, बंद केली आणि फिल्म उघडली. चित्र हललं. आवाज चित्राबरोबर आला. सकाळपासून दर थोड्या वेळाने येणारा निळा पडदा आला नाही. जिन्यात थांबलेल्या बाईचं जे वाक्य सकाळपासून मध्येच अडकत होतं आणि ज्याचं शेवटचं अक्षर दात शिवशिवेपर्यंत वाजत राहत होतं, ते वाक्य या वेळी सरळ पुरं झालं. बाई जिना उतरून गेली. त्याने खुर्चीत पाठ टेकली. सुटलो बुवा, असं तो पुटपुटलासुद्धा. मग त्याची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे एरवी पिवळ्या तोंडाचं चिन्ह असायचं. आता नुसती निळी जागा होती. त्याचे कान तापले. मागे कोणी उभं नव्हतं, तरी त्याने वळून पाहिलं.

फिल्मच्या खाली येणाऱ्या ओळी लिहिणं हा त्याचा धंदा. पडद्यावरचं माणूस दोन श्वासांत जितकं बोलतं तितकं बघणाऱ्याला वाचून होत नाही, म्हणून कापायचं. 'मी तुला कितीदा सांगितलं, की असं करू नकोस' याचं 'असं करू नकोस' करायचं. त्याची कापणी चांगली असते असं काम देणारे म्हणत. कुठे कापलं ते कळतच नाही, असं म्हणत. ही फिल्म संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि सकाळपासून संगणक आजारी माणसासारखा वागत होता. मध्येच गारठायचा, मध्येच बंद पडायचा. दुपारी त्याने शेवटचा उपाय काढला. संगणक आपल्या प्रकृतीची एखाद्या दिवसाची नोंद करून ठेवतो आणि पुढे काही बिघडलं तर त्याला त्या दिवसापर्यंत मागे नेता येतं. लिहिलेलं, साठवलेलं तसंच राहतं. मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात, कारण त्या दिवशी ते नव्हतेच. पुष्कळ लोक ही नोंद संगणकावर सोपवतात. तो सोपवत नसे. काहीही नवीन टाकण्याआधी तो स्वतः नोंद करी आणि तिला नाव देई. त्यामुळे मागे जाण्याच्या तारखांची यादी उघडली तेव्हा त्यात त्याचीच अक्षरं होती. वर, मागच्या आठवड्यातलं, 'नवा साउंड ड्रायव्हर टाकण्याआधी'. खाली, त्याच्याही बरंच आधीचं, 'बाबांचा आवाज टाकण्याआधी'. तो या दोन ओळींकडे पाहत राहिला. वरची ओळ निवडली आणि बिघाड तसाच राहिला, तर पुन्हा मागे जायला संध्याकाळ उरणार नव्हती. खालची निवडली तर खात्री होती. हा हिशेब चोख होता. तो त्याने मनात दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा चोखच निघाला.

वडील भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. तोफ म्हणत त्यांना बाजारात. ढिगावर उभं राहून ते सुरू झाले की रस्त्यापलीकडच्या दुकानांची शटरं थरथरतात, असं लोक सांगायचे, आणि ते खरंच असावं, कारण घरी ते कुजबुजले तरी शेजारच्यांना कळायचं. लहानपणी शाळेच्या फाटकापाशी येऊन ते त्याला हाक मारायचे तेव्हा तो मुद्दाम इतर मुलांच्या मागे राहायचा. हाक आपली नाहीच असा चेहरा करून चालायचा. मग तो घसा गेला. आधी खरखर आली, मग औषधं झाली, मग डॉक्टर म्हणाले, स्वरपेटी काढावी लागेल. ऑपरेशननंतर वडलांच्या गळ्याच्या खोबणीत एक भोक राहिलं. त्यावर पातळ जाळीचं कापड बांधलेलं असे. श्वास तिथूनच जाई आणि खोकलाही तिथूनच येई. ओठ हलत, आवाज येत नसे. मुलांची पुसायची पाटी आणली होती, तिच्यावर ते ठळक, चिडकी अक्षरं लिहायचे आणि समोरच्याचं वाचून व्हायच्या आत पुसून टाकायचे. तेव्हा त्यानेच तो प्रोग्रॅम शोधला. पडद्यावर चौकोनी खणांची जाळी असते, एकेका खणात आपण एकेक वाक्य घालून ठेवायचं, खण दाबला की संगणक ते बोलतो. त्या वेळी घरात सगळे त्याला चांगला मुलगा म्हणाले होते. बहिणीने फोनवर रडून म्हटलं होतं, तू होतास म्हणून.

पहिले काही दिवस खणांत पाणी, दुखतंय, दिवा बंद कर, एवढंच होतं. मग एका दुपारी वडील संगणकापुढे बसले, एका बोटाने खण भरत राहिले आणि जेवायलाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून संगणक बोलायला लागला तो वेगळाच. आवाज सपाट, रडणंही नाही आणि हसणंही नाही, पण वडलांनी त्याचा वेग पार वरपर्यंत चढवून ठेवला होता, त्यामुळे लिलावाचा एक भास यायचा. 'सूनबाई, आज मीठ रजेवर आहे का?' असा एक खण होता. दारावर वस्तू विकायला येणाऱ्यांसाठी, 'मला बोलता येत नाही आणि यांना ऐकू येत नाही, निघा.' बाजारातला त्यांचा दोस्त, जो सगळी हयात वजनकाट्यावर बसला होता आणि दर आठवड्याला फोन करायचा, त्याच्यासाठी तर आख्खी ओळ होती. 'तुझा काटा सरळ झाला का रे, की अजून तुझ्यासारखाच वाकडा?' पलीकडून काटेवाला इतका हसायचा की फोन कानापासून लांब धरावा लागे. वडील त्या प्रोग्रॅमला भोंगा म्हणायचे, म्हणजे पाटीवर लिहून दाखवायचे. आणि अगदी खालच्या कोपऱ्यातल्या खणात त्यांनी घालून ठेवलं होतं, 'थांब, माझं संपलं नाही.' ऐकणारा मध्येच उठला की ते तो खण दाबत. घरात सर्वांत जास्त वाजणारा खण तोच असेल.

संध्याकाळी, फिल्म पाठवून झाल्यावर, वडील येऊन उभे राहिले. त्यांच्या बोलण्याची ही वेळ होती. वेगळा संगणक त्यांच्यासाठी घ्यायचा, हे ठरून बरेच दिवस झाले होते. तोवर त्याच्याच संगणकावर चालवून घ्यायचं होतं. म्हणजे वडलांना काही म्हणायचं झालं की ते या खोलीत येत, त्याच्या खांद्यामागे उभे राहत, आणि तो हातातली ओळ अर्धी सोडून उठत असे. कधी लगेच उठे. कधी, 'एक मिनिट हं बाबा,' म्हणे, आणि त्या मिनिटात गळ्यातल्या जाळीतून जाणारा-येणारा श्वास त्याला कानांवरच्या हेडफोनमधूनही ऐकू येई. आज तो लगेच उठला. वडील बसले. चष्मा नाकावर खाली ओढला. त्यांचा हात माऊसवर गेला, बाण भोंग्याच्या चिन्हाच्या कोपऱ्याकडे गेला आणि रिकाम्या जागेवर थांबला. मग हळूच थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा तो बाण फिरला. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. कुठे गेलं, असं ते होतं.

"उडालं वाटतं, बाबा," तो म्हणाला. "सिस्टिम बिघडली होती ना सकाळपासून. तिनेच उडवलं."

हे बोलताना त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता. नंतर त्याला त्याचंच जास्त वाटत राहिलं. खोटं बोलताना माणूस चाचरतो, घाम येतो, असं असतं. त्याला काहीच झालं नाही. वडलांनी खांदे उडवले, दोन्ही तळवे वर केले. दैव, असा त्यांचा तो अभिनय होता. ढीग पडेल भावात गेला की बाजारात ते असंच करत.

जेवताना बायकोने विचारलं, "अरे, मग परत टाक ना तो. त्यात काय एवढं?"

"टाकतो ना. उद्या टाकतो."

"पण त्यांची वाक्यं?"

"ती प्रोग्रॅमच्या पोटातच होती. वेगळी साठवलेली नव्हती."

"म्हणजे गेली?"

"गेली," तो म्हणाला.

वडील ताटात बघून जेवत होते. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, एका अर्थी बरं झालं. मीठ परत कामावर रुजू झालं म्हणायचं." ते हसले. आवाज नसलेलं हसणं खांद्यांत दिसतं, तेवढंच दिसलं.

नेमका त्याच रात्री, जेवणं उरकता उरकता, काटेवाल्याचा फोन आला. वडलांनी उचलला आणि सवयीने संगणकाकडे वळले, मग मध्येच थबकले. त्यांनी नखाने फोनवर टकटक केली. पलीकडचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू येत होता. "काय रे तोफ? बोल की! दारू भिजली का?" पुन्हा टकटक. "अरे कोण आहे? तोफेला द्या!" वडील फोन हातात धरून तसेच उभे राहिले. टकटक करणारं बोट हवेत राहिलं. मग त्यांनी फोन त्याच्यापुढे केला. त्याने घेतला आणि सांगितलं, "काका, तो भोंगा बिघडलाय. दुरुस्त झाला की बाबाच करतील फोन." काका म्हणाले, "बरं बरं. त्याला म्हणावं, तुला गप्प करणारा कुणीतरी मर्द भेटला एकदाचा." त्याने हे वडलांना सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, त्यांनी ऐकलंच होतं. तो फोन ठेवून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून उगाच हात धुवत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रोग्रॅम पुन्हा टाकला. रिकामी जाळी आली, राखी रंगाचे चौकोन, एकावर एक, काहीही न लिहिलेले. वडील खुर्चीत बसले आणि एका बोटाने टाइप करायला लागले. तो मागे पलंगावर बसला होता, मांडीवर कागद होते, पण वाचत नव्हता. प्रोग्रॅम परत टाकण्याआधी, नेहमीच्या सवयीने, त्याने मागे जाण्याची ती खिडकी उघडली होती, आणि तिथे एक ओळ नव्याने आलेली होती: केलेली पूर्ववत क्रिया रद्द करा. म्हणजे कालचं सारं परत येईल. बिघाड येईल, भोंगाही येईल, सगळे खण, सगळी वाक्यं, चढवलेल्या वेगासकट. मग तिथून फक्त मागच्या आठवड्यापर्यंत मागे जायचं, आवाज चालवणाऱ्या त्या साउंड ड्रायव्हरच्या आधी. बिघाड तिथेच होता. आवाज अडकत होता म्हणजे आणखी कुठे असणार? आणि मागच्या आठवड्यात भोंगा होताच. हे एवढं सरळ होतं. हे काल दुपारीही इतकंच सरळ होतं. त्याने ती खिडकी बंद केली आणि कोरा प्रोग्रॅम टाकला. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. रद्द केलं असतं तर बायको म्हणाली असती, हे कालच का नाही केलंस?

पण खरी गोष्ट त्याहून लहान होती, आणि ती लहान होती म्हणूनच तिच्याकडे बघवत नव्हतं. काल दुपारी, खालची ओळ निवडल्यावर, संगणकाने त्याला विचारलं होतं: कोणते प्रोग्रॅम जातील ते पाहायचं का? त्याने पाहिलं होतं. यादीत मोजकी नावं होती आणि त्यात ते होतं. ते नाव वाचलं, आणि छातीत काहीतरी सैल झालं. अगदी थोडं. घट्ट बुटाची नाडी टेबलाखाली कुणाला न दिसता सोडावी, इतकं. उद्या कोणी खांद्यामागे येऊन उभं राहणार नाही. जाळीतून श्वास ऐकू येणार नाही. अर्धी ओळ पुरी होईल. मग त्याने 'पुढे' दाबलं. संध्याकाळ, फिल्म, खात्री, हे सारं आधीही होतं आणि नंतरही राहिलं. पण बोट दाबलं गेलं ते त्या सैल होण्यावर. शाळेच्या फाटकापाशी मुलांच्या मागे लपताना छातीत जे व्हायचं ते हेच. एवढ्या वर्षांत त्यात काडीचा फरक पडला नव्हता, आणि मधल्या काळात लोक त्याला चांगला मुलगा म्हणत होते.

वडलांचं टाइप करणं एका दुपारीच संपलं. त्याला वाटलं होतं, बरेच दिवस चालेल. ते उठले आणि त्यांनी हाताने दाखवलं, बघ. जाळीत वरची एक ओळ भरली होती. हो. नको. चालेल. बरं वाटतंय. झोपतो. तुझं चालू दे. बाकीचे खण राखी होते. "आणखी नाही घालायची?" त्याने विचारलं. त्यांनी 'नको' दाबलं. वेगही त्यांनी मुळात होता तसाच ठेवला होता. संगणक ते 'नको' सावकाश, नम्रपणे म्हणाला, बँकेतल्या खिडकीवरच्या माणसासारखा. एकूण एक वाक्य एका ओळीत मावत होतं. कुठे कापलं ते कळतच नव्हतं.

पुढच्या दिवसांत घर शांत झालं. वडील संध्याकाळी यायचे, पण आता खांद्यामागे उभे राहत नसत. दारातून बघायचे, तो कामात दिसला तर परत जायचे. आले तर 'बरं वाटतंय' म्हणायचे, मग 'तुझं चालू दे', आणि उठायचे. काटेवाल्याला त्यांनी फोन केला नाही. त्याचा आला तेव्हा 'हो' आणि 'चालेल' एवढंच दाबत राहिले, आणि पलीकडचा हळूहळू मोठ्याने बोलायचा थांबला, मग सभ्यपणे बोलायला लागला, तब्येतीला जपा म्हणाला. तोफेला तो जपा म्हणाला. संगणक अजिबात बिघडत नव्हता. त्याचं काम भराभर होत होतं, आणि फिल्ममधली माणसं त्याला इतकी बडबडी वाटायला लागली होती की एक वाक्य कापताना त्याचा हात थांबे आणि ते तो पुरंच्या पुरं ठेवी. काम देणाऱ्यांनी एकदा विचारलं, ओळी लांब होतायत का जरा? रोज सकाळी बसल्यावर तो आधी ती मागे जाण्याची खिडकी उघडायचा, रद्द करण्याची ओळ अजून आहे ना ते बघायचा, आणि बंद करायचा. जागा भरली की संगणक जुन्या नोंदी आपोआप पुसतो. एखाद्या सकाळी ओळ नसेल. आपण बघतो ते ती असावी म्हणून की नसावी म्हणून, हे त्याला सांगता आलं नसतं.

"बाबा हल्ली किती शहाण्यासारखे बोलतात, नाही?" बायको एकदा भांडी पुसताना म्हणाली. त्याने तिच्या हातून पुसलेला पेला घेतला. "मला बाई भीती वाटते," ती म्हणाली. "मीठ विसरले मी आज. मुद्दाम. काही म्हणाले नाहीत. 'चालेल' म्हणाले. काय रे, खरंच काही करता येत नाही त्याचं?" तिने फडकं झटकलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. संशय असता तर तो चिडला असता, आणि चिडून आणखी काही दिवस निघाले असते. त्याने हातातला पेला फळीवर ठेवला आणि बाहेरच्या खोलीत गेला.

वडील खिडकीशी बसून रस्ता बघत होते. दुपार होती. "बाबा, जरा येता का?" तो म्हणाला. ते आले. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी उभा राहिला, ती खिडकी उघडली आणि पडद्यावर बोट ठेवून सांगायला लागला. "पहिली वाक्यं परत आणता येतात. ही ओळ आहे ना, ही दाबली की त्या दिवशीसारखं सगळं होईल. आता तुम्ही घातलेली जातील. पण ती सहाच आहेत. मग मी पुढची दुरुस्ती करीन, बिघाड काढीन, भोंगा राहील." वडील ओळीकडे बघत होते. ती त्यांनी दोनदा वाचली असावी, डोळे दोनदा डावीकडून उजवीकडे गेले. मग त्यांनी भोंग्याची जाळी पुढे घेतली आणि खाली टाइप करायच्या पट्टीत एका बोटाने अक्षरं मांडायला सुरुवात केली. बोट जाड होतं, अधूनमधून दोन कळा एकदम दाबल्या जात, ते मागे येऊन खोडत. 'हे क' उमटलं. मग 'हे कधी'. तिथेच त्याला पुढचं कळलं. उत्तर देऊन टाकावं, निदान पुढचं टाइप करणं तरी वाचेल, असा विचार त्याच्या मनात आला. पण त्याने एकेक अक्षर येऊ दिलं. शेवटी संगणक सावकाश, नम्रपणे म्हणाला, "हे कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी," तो म्हणाला. मग म्हणाला, "दाबायच्या आधी. त्यात भोंगा जाणार हे दिसत होतं मला."

वडलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. जाळीतून एक श्वास गेला, एक आला. त्याला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. उजव्या हाताचं बोट वर उचललं गेलं आणि पडद्यावरच्या जाळीवर फिरू लागलं. हो वरून, नको वरून, खाली राखी खणांवर, तिथून आणखी खाली, अगदी कोपऱ्यापर्यंत. तिथे काही नव्हतं. बोट परत वर आलं, मग हात माऊसवर गेला.

"चालेल," संगणक म्हणाला.

"काय चालेल, बाबा? आणू परत? की राहू दे?"

"चालेल."

"बाबा."

वडलांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मग पुन्हा खालच्या पट्टीत टाइप करायला लागले. या वेळी चुका जास्त झाल्या. एकदा सगळंच खोडलं गेलं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दारात बायको हातात ओलं फडकं धरून येऊन उभी राहिली होती. ती केव्हा आली आणि तिने किती ऐकलं, ते त्याला कळलं नाही. तो अक्षरांकडेच बघत होता.

"तूच ठरव," संगणक म्हणाला. "आधी कुठे विचारलं होतंस?"

त्याने माऊस हातात घेतला. रद्द करण्याच्या ओळीवर बाण नेला आणि दाबलं. संगणकाने एकदा विचारलं, नक्की का? त्याने पुन्हा दाबलं. जाळी नाहीशी झाली, तिच्यातली सहा वाक्यं नाहीशी झाली, मग चौकट, मग पडदा. काळ्या काचेत वडील दिसत होते, चष्म्यासकट, त्यांच्या मागे तो, आणि दारातली बायको. आत पंखा फिरू लागल्याचा बारीक आवाज आला. त्या दिवशीही हे उरकायला बराच वेळ लागला होता. वडील हात मांडीवर ठेवून वाट बघत होते. तोवर ते काहीच म्हणू शकत नव्हते. बायको फडकं धरून दारातच उभी होती. आता जे काही बोलायचं ते त्यानेच बोलायचं होतं, मध्ये कोणी थांबवणारं नव्हतं, कापायचीही गरज नव्हती. त्याने तोंड उघडलं. त्याला एकही वाक्य सापडलं नाही.